चौदाव्या पानावरची खाणावळ

संभाजीरावांनी खरोखरच न्हावी बोलावून आणला. शेजारच्या दुर्गाबाईंच्या अंगणात धोकटी उघडून तो बसला आणि वस्तऱ्याला धार लावू लागला.

"जेवणं तर होऊ द्या," महिपतराव म्हणाले. "मी काय पळून जातोय?"

"तुम्ही नाही हो, पण मिशीचा काय भरोसा!"

मिशी साधीसुधी नव्हती. वडील वारले तेव्हाच काय ती एकदा उतरली होती. आणि ती मिशी महिपतरावांनी चक्क प्रस्तावनेत गहाण टाकली होती. 'या पुस्तकातील एक ओळ जरी खोटी निघाली, तरी लेखक मिशी उतरवील.' पुस्तकाचं नाव, 'त्रिनिदाद बेटास जाणाऱ्यांस उपयुक्त माहिती'. पानं बत्तीस.

महिपतरावांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. पण ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आगबोट कंपन्यांची पत्रकं मागवली, मुरारच्या छावणीतल्या साहेबांना गाठलं, त्रिनिदादहून परतलेला एक म्हातारा मजूर शोधून काढला. लश्करच्या नया बाजारात बसून त्यांनी ते बेट गल्लीबोळांसकट पाठ केलं. पुण्या-नागपुराहून पुस्तकाला मागणी येई. अभिमान का नसावा? ग्वाल्हेरात असं काम दुसऱ्या कोणी केलं होतं?

पुस्तक छापलं संभाजीरावांनीच. म्हणूनच त्यांना शंका होती.

"चौदावं पान," ते आता म्हणाले. "छपाईच्या दिवशी धावत आलात आणि पाचवं कलम घुसवलंत. बाकी सगळं बारा वर्षांचं, अन् तेवढंच एका दुपारचं. असं का?"

महिपतरावांनी न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे पाहिलं. खरं होतं ते. बारा वर्षांत त्यांनी एकच ओळ खोटी लिहिली होती, आणि ती तीच.

झालं होतं असं, की दुर्गाबाईंच्या एकुलत्या एका मुलाला, लक्ष्मीकांतला, त्रिनिदादमध्ये हिंदी लोकांच्या मुलांच्या शाळेत मास्तरकी मिळाली. आई अडून बसली. तिथे पोराला घरचं कोण घालील? लक्ष्मीकांत तर कोपऱ्यात बसून रडला होता. महिपतरावांना ते बघवलं नाही.

"अहो वहिनी, तिथे मराठी खाणावळ आहे. धक्क्यापासून दहा मिनिटांवर. पिठलं-भाकरी मिळते." नाव पटकन सुचेना. तोंडाला आलं ते बोलले. "सुमनताईंची."

सुमनताई ही त्यांची वारलेली बायको. तिच्या हातचं पिठलं अख्ख्या गल्लीने खाल्लेलं.

"अगबाई, नावही तेच!" दुर्गाबाईंचे डोळे भरले. "पण पुस्तकात आहे का हे?"

संध्याकाळपर्यंत ते पुस्तकात होतं.

लक्ष्मीकांत गेला. दर महिन्याला पत्र यायचं, 'आई, जेवणाची चिंता नको. सुमनताईंकडे रोज पिठलं-भाकरी आहे.' दुर्गाबाई ते कौतुकाने वाचून दाखवत आणि महिपतरावांचा जीव तुटे. पोर उपाशी राहून आईला थाप मारतंय, आणि हे सगळं आपल्यामुळे. चार वर्षं त्यांनी हा काटा गिळला. लक्ष्मीकांत परवा परत आला होता.

पानं मांडली. लक्ष्मीकांत स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. आई मक्याचं पीठ मळत होती.

"गार पाणी नको घालू, आई. मक्याच्या पिठाला उकळतं लागतं, नाहीतर भाकरी चिरते."

"बघा हो! इथे असताना चहा करता येत नव्हता याला." दुर्गाबाईंनी त्याचा हात धरला. "आणि मनगटावर हा डाग कसला?"

"शाळेत स्टोव्ह भडकला होता," तो म्हणाला आणि अंगणात येऊन बसला.

संभाजीरावांनी पुस्तक उघडलं. "सांग भाई. बोट किनाऱ्याला लागत नाही, दूर उभी राहते?"

"बरोबर. लहान लाँचने उतरावं लागतं."

"विलायतेपर्यंत लोकरीचा कोट, पुढे पेटीत?"

"बरोबर. पुढे अंगाला मलमलसुद्धा जड होते."

"मच्छरदाणी, हिवतापावर कोयनेल, जूनपासून पाऊस?"

"सगळं बरोबर. बोटीवर इंग्रज मडमासुद्धा मला विचारत, या पुस्तकात काय लिहिलंय म्हणून."

महिपतरावांची छाती फुगली आणि लगेच बसली. संभाजीरावांनी चौदावं पान काढलं होतं.

लक्ष्मीकांतने सुस्कारा सोडला. "इथे मात्र चूक आहे, काका."

महिपतराव उठले. कोणाकडे न बघता न्हाव्यासमोर जाऊन बसले आणि हनुवटी वर केली. "चालव."

"अहो, ऐका तरी! धक्क्यापासून दहा मिनिटं लिहिलंय तुम्ही. उन्हात, सामान घेऊन वीस लागतात. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा."

त्याने खिशातून फोटो काढला. पत्र्याच्या छपराचं घर, पायऱ्यांवर आठ-दहा माणसं, एकदोघांच्या हातांत तेच पुस्तक. वर देवनागरीत पाटी, 'सुमनताईंची खाणावळ'.

संभाजीरावांनी फोटो उलटा-सुलटा पाहिला. "काय बात करता!" ते पुटपुटले आणि न्हाव्याला जायला सांगितलं. दुर्गाबाईंनी फोटो देवापुढे नेऊन ठेवला.

जेवणानंतर महिपतरावांनी लक्ष्मीकांतला फाटकापाशी गाठलं. 

"लक्ष्मीकांत, ती ओळ मी खोटी लिहिली होती रे."

"ठाऊक आहे. उतरलो त्या दिवशी दुपारभर खाणावळ शोधली. दुसऱ्या महिन्यात तुमचं पुस्तक घेऊन नागपूरचे दोघे उतरले, तेही शोधत होते."

"मग ही सुमनताई कोण?"

लक्ष्मीकांतने भाजल्या मनगटावरून हात फिरवला.

"तिथे मलाच सुमनताई म्हणतात, काका."