उलथण्याचं टोक

परदेशातल्या पापाकुरा गावच्या वर्कशॉपात मुकुंद माती खणणाऱ्या डिगरचे झिजलेले दात वेल्डिंगचे थर चढवून पुन्हा पहिल्यासारखे करायचा. झिजलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात त्याच्या बायकोची, वसुधाची, आई तिकडे सांगलीत वारली. हॉस्पिटलातली ड्यूटी आणि विमानाची तिकिटं यांत वसुधाला वेळेत पोचता आलं नाही. भावाकडे तिनं फोनवर एकच गोष्ट मागितली, आईचं लोखंडी उलथणं. पार्सल आलं. उलथण्याचं एक टोक, एरवी झिजतं त्याच्या उलट बाजूचं, पार तिरकं झिजलेलं होतं. वसुधा ते रोज पुसून ओट्यावर ठेवायची, वापरायची मात्र नाही.

बायकोची समजूत कशी घालावी हे मुकुंदला कधी जमलं नव्हतं. हे मात्र जमण्यासारखं होतं. शनिवारी त्यानं उलथणं गुपचूप नेलं, टोकावर थरावर थर चढवले, घासून कड सरळ केली आणि घरी येऊन तिच्या हातात ठेवलं.

"बघ, कुठं झिजलं होतं ते ओळखूसुद्धा येणार नाही."

वसुधाचा अंगठा त्या नव्या टोकावरून कितीतरी वेळ फिरत राहिला.



"आई डावखुरी होती," ती म्हणाली. "आता ते कुठंच दिसत नाही."