पाच उपाय

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या इस्पितळात रुग्णांच्या माहितीचा आराखडा नोरा सांभाळायची. आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलं आणि आराखड्यातली एक रेघ नाहीशी झाली. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, हे जोडणारी रेघ. सोमवारी याच आराखड्यावरून नवी यंत्रणा सुरू व्हायची होती. नोराने सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत कक्षाला सविस्तर पत्र लिहिलं.

शुक्रवारी उत्तर आलं. त्यात पाच उपाय क्रमाने दिले होते. वाचून होताच तिने मदत कक्षातल्या ट्रेव्हरला फोन लावला.

"ट्रेव्हर, हे पाचही उपाय माझ्याच पत्रातले आहेत. करून पाहिले, एकही लागू पडला नाही, असं खाली स्वच्छ लिहिलं होतं मी."

"हो ना मॅडम. तेवढी एक ओळ काढली आम्ही. बाकी इतकं सुरेख लिहिलंय, आमच्याकडे कुणाला जमलं नसतं."

"थट्टा करतोस? अरे, माणसं मरतील!"

"थट्टा कसली, आभारच मानतोय. तुमचंच पत्र पाठवून आत्तापर्यंत चाळीस इस्पितळांच्या तक्रारी बंद केल्या आम्ही."