पुढच्या बाळाची सुई

सुनेला दिवस गेल्यापासून सासूबाईंच्या पोटात दुखत होतं. आता बाळंतपणाला दुसरा दिवस, नातू ठणठणीत, तरी लेक तिच्या इंजेक्शनसाठी तीन दुकानं पालथी घालून आला, बर्फाचा डबा छातीशी धरून. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या मात्र त्याच्या लक्षात राहत नाहीत!

"बाळ-बाळंतीण धड आहेत, मग ही सुई कशाला?" त्यांनी सिस्टरला विचारलं. "आमच्या वेळी नव्हते असले लाड."

"पुढच्या बाळासाठी आहे, आजी. हिचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. अशात पहिलं मूल बहुधा सुखरूप निघतं. पण सुई दिली नाही, तर आईचं रक्त पुढच्या बाळांच्या जिवावर उठतं. ती जन्मल्या जन्मल्या पिवळी पडतात, दगावतात."

सासूबाईंच्या तोंडाचा दांडपट्टा थांबला. "ही सुई... कधी निघाली?"

"मी नोकरीला लागले तेव्हापासून देतेय. पस्तीस वर्षं झाली."

लेक तिशीचा. त्याच्या पाठच्या दोघी पिवळ्याधमक होऊन आठवड्याच्या आत गेल्या होत्या, आणि घराने बोल लावला होता तो सासूबाईंच्या पायगुणाला.

सिस्टरने सुई भरली. सुनेने डोळे मिटले. आयुष्यात कुणाचा वाटला नसेल एवढा हेवा सासूबाईंना त्या क्षणी तिचा वाटला. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला.

"दे गं बाई. थेंबसुद्धा सांडू नकोस."