पापण्यांचं वाद्य

सतारवादक केतकीच्या बोटांतली ताकद आजाराने जाऊ लागली, तेव्हा तिचा नवरा यशोधन तिच्यासाठी नवं वाद्य बनवायला बसला. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन मांडून ते रेषांनी जोडले, की कॅमेऱ्याने टिपलेल्या हालचालीतून सूर आणि रंग उमटायचे. ते सॉफ्टवेअर तो पहिल्यापासून शिकला. दिवसचे दिवस त्याची पाठच तिला दिसायची.

बोटांसाठीची जुळणी जमली, तोवर बोटं थांबली. त्याने ती भुवयांसाठी बदलली. भुवयाही गेल्या, आवाजही गेला. उरल्या फक्त पापण्या.

एका दुपारी तिची पापणी लवली आणि तिच्याच जुन्या रेकॉर्डिंगमधला षड्ज खोलीत घुमला. प्रोजेक्टरमधून भिंतभर निळा रंग पसरला.

"कसं वाटलं गं?" त्याने अक्षरांचा तक्ता तिच्यापुढे धरला. तो एकेका अक्षरावर बोट ठेवत गेला, हव्या त्या अक्षराला ती पापणी मिटत गेली. शब्द जुळले, 'बंद कर. आपलं बोलायचं राहिलं.'

त्याने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बोल," तो म्हणाला.

तिच्या पापण्या थकून मिटल्या होत्या. तक्ता धरून तो संध्याकाळपर्यंत बसला. त्या पापण्या पुन्हा कधीच उघडल्या नाहीत.