ड्रमनीच्या पुलावर

"इथेच थांबव," मर्विन म्हणाला.

हेझलने गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. समोर डिंपना मॅगर्नचं घर होतं. दर जुलैत ड्रमनीच्या पुलावर रस्ता अडवून बसणारी ती हीच बाई. तिच्या दारात आपले वडील, ऑरेंज लॉज या प्रोटेस्टंटांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेचे प्रमुख, टोपी काढून उभे राहणार, हे काही हेझलच्या पचनी पडत नव्हतं.

"डॅडी, कुणी पाहिलं तर?"

"पाहू दे. सेसिलसाठी आलोय."

सेसिलचं नाव निघाल्यावर तिने इंजिन बंद केलं.

सेसिल ग्रे लॉजमधला सगळ्यात जुना माणूस. निशाणाचा खांब आधी त्याच्या बापाने वाहिला, मग त्याने. तेव्हा लॉजची मिरवणूक एवढी लांब असायची, की पहिली रांग चढणीच्या माथ्यावरच्या चर्चला पोचली तरी शेवटची अजून पुलावरच असे. पुढे चढणीवर कॅथलिकांची वस्ती वाढली. एका वर्षी दगडफेक झाली. डिंपनाच्या भावाचा डोळा गेला, लॉजच्या दोघांची डोकी फुटली. तेव्हापासून ठरल्यासारखं झालं होतं. वस्तीतली माणसं पुलावर बसायची. त्यांची हरकत नसेल तर खुशाल जा, असं पोलीस सांगायचे. हरकत असायचीच. मग मर्विन निषेधाचं निवेदन वाचायचा, एक स्तोत्र म्हटलं जायचं आणि मिरवणूक आल्या वाटेने लॉजकडे परतायची.

आता लॉजमध्ये जेमतेम डझनभर माणसं उरली होती, सगळी साठीच्या पुढची. सेसिलचं हृदय तर पार थकलं होतं. डॉक्टरांनी घरचा जिनासुद्धा बंद केला होता, पुढचा उन्हाळा तो बघणार नाही असं त्याच्या सुनेला सांगितलं होतं. सेसिलचा हट्ट एकच. मरण्याआधी एकदा ती चढण चढायची, खांद्यावर लॉजचा नारिंगी पट्टा घालून, निशाणाबरोबर. गाडीत बस म्हटलं की तो शिव्या घालायचा.

डिंपनाने दार उघडलं. मर्विनला पाहून तिला नवल वाटलं असेल, पण तसं तिने दाखवलं नाही.

"ये. पोरीलाही आत बोलव. बाहेर कशाला तिष्ठत ठेवतोस?"

दोघं बालपणी एकाच नाल्यात मासे धरायचे, एवढंच हेझलला ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं त्यांचं बोलणं पोलिसांच्या मार्फतच झालेलं. डिंपनाने चहा ओतला, सोडा ब्रेड कापून पुढे ठेवला.

"सेसिल कसा आहे?"

"चालतो. दहा पावलं टाकून थांबतो."

"रविवारी मिरवणुकीत येणार म्हणे."

"येणार. कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

डिंपनाने कपातला चमचा बाजूला ठेवला. "आमची माणसं कंटाळलीत रे, मर्विन. जो तो आपल्या कामात. मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, ते दिवस गेले."

"तुझा शब्द अजून कुणी मोडत नाही."

"आणि माझा भाऊ? तो काय म्हणेल?"

"त्याच्याकडेही जातो, हवं तर."

"नको. त्याचं मी बघते." तिने हेझलकडे पाहिलं, मग परत मर्विनकडे. "तू माझ्याकडे काही मागायला येशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं. या वर्षीपुरतं, डिंपना. पुढच्या वर्षी गरज पडणार नाही."

"बरं. दिला शब्द."

मर्विन उठला. दारात थबकून म्हणाला, "मी इथे आलो होतो हे सेसिलला कळता कामा नये. सहन होणार नाही त्याला."

"कळणार नाही."

परतताना हेझलने विचारलं, "पाळेल ती शब्द?"

"पाळेल. चांगली बाई आहे," मर्विन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्या संध्याकाळी हेझलने त्याच्या काळ्या कोटाला ब्रश मारला, नारिंगी पट्ट्याला इस्त्री केली. कित्येक वर्षांत तिने ते इतक्या हौसेने केलं नव्हतं.

रविवारी शेजारच्या गावचा अकॉर्डियनवाल्यांचा ताफा आला. ढोल वाजू लागला. सेसिलने निशाणाची दोरी धरली होती. हेझल चहाचा थर्मास घेऊन त्याच्या बाजूने चालत होती.

"माथ्यावर पोचलो की तिथून हात करीन तुला," तो म्हणाला. "नाही दिसलो तर समज, दानाची थाळी आली म्हणून बाकाखाली लपलोय."

ती हसली. वळण संपलं आणि पूल दिसला.

पुलावर माणसं बसली होती. फार नव्हती, सहा-सात. हातात तेच जुने फलक. मधोमध घडीच्या खुर्चीवर डिंपना.

मिरवणूक थांबली. मर्विन पुढे झाला, चष्मा लावला आणि निवेदन वाचलं. राणीच्या रस्त्यावरून देवाच्या घरी जाणाऱ्यांना अडवणं हा अन्याय आहे, असं त्याने दरवर्षीसारखंच ठासून सांगितलं. सेसिल कठड्याला टेकून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर. स्तोत्राचे शब्द त्याच्या तोंडून फुटत नव्हते.

"पुढच्या वर्षी," दम लागलेल्या आवाजात तो पुलाकडे बघून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघतो एकेकाला."

मर्विनने त्याच्या काखेत हात घातला. ढोल पुन्हा वाजू लागला आणि म्हातारे माघारी वळले.

हेझल मात्र वळली नाही. पोलिसाला बाजूला सारून ती थेट डिंपनासमोर उभी राहिली.

"तुमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या डॅडींना शब्द दिला होतात तुम्ही. माझ्यादेखत."

डिंपना खुर्चीची घडी घालत होती. दूर जाणाऱ्या निशाणाकडे तिने एकदा पाहिलं.

"पाळला ना, पोरी," ती म्हणाली. "यंदा आमच्यातलं कुणीच येणार नव्हतं. रस्ता अडवा म्हणून विनवायलाच तर तुझे वडील आले होते."