मिशी पणाला

"गाठ कॅन्सरचीच असणार, तपासायची कशाला?" जबड्याखालची सूज चाचपत नंदकिशोर कुरकुरला. तशी शेजारच्या हरिभाऊंनी जयपूरमधल्या जगतपुऱ्याच्या अख्ख्या सोसायटीसमोर पैज मारली. "कॅन्सर निघाला तर माझी मिशी उडवीन, नाही निघाला तर तुझी. चल एमआरआयला!"

रिपोर्ट येईपर्यंत नंदकिशोरला एका जागी बसवेना. एमआरआयमध्ये दोन्हीकडच्या लाळग्रंथी सुजलेल्या दिसल्या. ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, तर निघाला सुजेचाच एक दुर्मिळ आजार, गोळ्यांनी आटोक्यात येणारा.

रविवारी, जयपुरात आल्यापासून जिवापाड वाढवलेली मिशी द्यायला नंदकिशोर नाचतच सोसायटीच्या गेटवर आला. तिथे न्हाव्याच्या खुर्चीतून मिशी सफाचट केलेले हरिभाऊ उठत होते.

"अहो, जिंकलात ना तुम्ही?"



"तू मशीनमध्ये होतास तेव्हा मोतीडुंगरीच्या गणपतीला नवस बोलून बसलो, कॅन्सर नाही निघाला तर माझीही मिशी देईन म्हणून, लेका. बस आता, तुझी पाळी!"