उंबरठ्याच्या अलीकडे

चित्रपट दोन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मैत्रीवर होता. त्यातला ग्लेब सैबेरियातल्या छावणीत वारला. दुसरे, वेनियामिन अर्कादिच, नव्वदी ओलांडून लेनिनग्राडच्या सेटवर खुर्ची टाकून बसले होते, चुका काढायला. चहाचं पाणी तापवायचा समोवार चुकीच्या कोपऱ्यात ठेवला म्हणून सकाळीच त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं होतं.

आता ग्लेबच्या अटकेच्या आदल्या संध्याकाळचा प्रसंग. ग्लेब मित्राच्या दारात येतो. तरुण वेनियामिन झालेला नट आतून हात पुढे करतो.

"थांबवा!" म्हाताऱ्यांनी काठी आपटली. "उंबरठ्यावरून हात मिळवतं का कोणी? मैत्री तुटते अशानं! आईनं काही शिकवलं की नाही?"

नट ओशाळला. दिग्दर्शिका रइसा ल्वोव्ना म्हणाली, "अहो, पण दाराच्या चौकटीत दोघं काय सुरेख दिसतात!"

"दिसू देत. मी हात दिला नव्हता."

"बरं बाई, तुमचंच खरं. आधी त्याला आत घेऊ, मग हात मिळवू."

कॅमेरा, दिवे, माणसं, सगळं स्वयंपाकघरात हललं. टेबलावर चहाचे दोन पेले मांडले गेले.

"वेनियामिन अर्कादिच, आत आल्यावर ग्लेब कुठे बसला? खिडकीशी की चुलीशी?"

म्हाताऱ्यांनी काठीचं टोक टेबलाकडे केलं.

"एक पेला उचला," ते म्हणाले. "मी त्याला आत ये म्हटलं नव्हतं."